कौसाबाईचं छापलेलं वाक्य

"लिहायचंच असेल तर पुरतं लिहा, बाई. अर्धं लिहून तुम्ही वाट लावली."

हे मला मीनाबाई म्हणाली, तिच्या गिरणीच्या दारात, चार गिऱ्हाइकांच्या देखत. मीनाबाई माझी जुनी विद्यार्थिनी. शेजारच्या लोणखेड्याला तिची आणि तिच्या नवऱ्याची, रतिलालची, पिठाची गिरणी आहे. जन्मभर मी पोरांना सांगत आले की वाक्य अर्धवट सोडू नये, आणि आता माझ्याच वर्गातल्या पोरीने मला ते ऐकवलं. ऐकून घेतलं. एरवी मी काही गरीब गाय नाही, एकाला दोन सुनावणारी बाई आहे, पण त्या दिवशी गव्हाची पिशवी तशीच उचलली आणि घरी आले. म्हणून हे लिहिते आहे.

मी मंगला. तापीकाठच्या आमच्या गावात मला नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे "बाई" म्हणतात. झेडपीच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. घरी आम्ही गुजर, त्यामुळे चुलीपाशी गुजरी, गल्लीत अहिराणी आणि शाळेत मराठी. तीन बोली तोंडात असल्या की माणसाला गर्व चढायला वेळ लागत नाही. निवृत्त झाल्यावर मी आमच्याकडचे शब्द गोळा करायला लागले. आमचे हे हसायचे. म्हणायचे, "गावच्या बायका गच्चीवर पापड वाळत घालतात, आमची बाई शब्द वाळत घालते."

माझा एक नियम होता, आणि त्याचा मला फार तोरा होता. प्रत्येक शब्दाखाली वाक्य द्यायचं, आणि ते कोणाच्या तरी तोंडून निघालेलंच द्यायचं. मनचं एकही नाही. शब्द म्हातारीचा आणि वाक्य पंडिताचं, असली पुस्तकं मी खूप पाहिली होती. वाक्यापुढे बोलणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर घालायचं आणि शेवटच्या पानावर सगळ्यांची पुरती नावं. गरिबाचा शब्द घेतला तर त्याचं नाव द्यावं, यात चूक काय, असं मला वाटायचं.

आता कौसाबाई. वय बहात्तर, अंगाने काडी, आवाज मात्र तीन वावरं ओलांडून जाईल असा. तिचा नवरा सुकलाल, तीन वर्षांपूर्वी वारला. दोघांनी जन्मभर लोकांच्या शेतांची राखण केली. आमच्याकडे रब्बीला दादर पेरतात, म्हणजे ज्वारीच, पण आम्ही दादर म्हणतो. कणसात दूध भरलं की पाखरांची झुंबड उडते. मग वावराच्या मधोमध चार खांबांचं मचाण बांधायचं आणि वर गोफण घेऊन माणूस बसवायचं. आता कोणी पत्र्याचे डबे बांधतं, कोणी चमकत्या पट्ट्या लावतं, तरी आमच्या भाऊबंदांत दोन-तीन घरं अजून कौसाबाईलाच बोलावतात. डबा काय, वाऱ्याने वाजतो. कौसाबाई पाखरू बघून गोफण फिरवते.

गोफणीचं एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं नुसतं धरायचं. मधल्या पट्टीत गोटा ठेवायचा, डोक्यावर फिरवायची आणि धरलेलं टोक नेमक्या वेळी सोडायचं. कधी सोडायचं हे सांगता येत नाही, ते हाताला कळतं, असं ती म्हणायची. साठ वर्षांत तिने एक पाखरू मारलं नाही. गोटा त्याच्या शेजारच्या दादरच्या ताटावर जाऊन आपटायचा. "मारानं नई, बाई. नुसतं उडावानं," हे तिचं म्हणणं. पाखरालाही पोट असतं, असं ती सुकलालकडून शिकली.

गेल्या वर्षी माघात मी वही घेऊन तिच्या मचाणाखाली जाऊन बसायची. ती वरून बोलायची, मी खाली लिहायची. फिरण्याचे शब्द मी तिच्याकडूनच घेतले, कारण फिरवणं हे तिचं रोजचं काम. भिरभिर म्हणजे काय, असं विचारलं, तर म्हणाली, जे जागा सोडतं ते भिरभिरतं. पाखरू, नजर, लग्नघरातलं लेकरू. आणि गरगर? ते जाग्यावरच फिरतं. गिरणीचा दगड गरगर फिरतो, वावटळीत पाचोळा गरगर फिरतो, उन्हातून उपाशी आलं की डोकं गरगरतं.

"आणि गरागरा?" मी विचारलं. मोठमोठ्या कोशांत दोन्ही एकच दिलेले असतात.

तिने जरा विचार केला. "गरगर आपोआप व्हस, बाई. गरागरा कोणीतरी करस."

माझ्या अंगावर काटा आला. चौतीस वर्षं मराठी शिकवलं, मला हा फरक कधी सुचला नव्हता. खरा असेल-नसेल, बाकीच्या गावांचं मला माहीत नाही, पण तिच्या तोंडात तो होता. मी सवयीने म्हणाले, "कौसाबाई, आता वाक्यात उपयोग कर."

तिने गोफण मांडीवर ठेवली. पोपटांचा एक थवा समोर उतरला, तरी तिने हात उचलला नाही. मग म्हणाली, "मी पोरले खळामा गरागरा फिरावं, आन् हात सुटी गया."

मी लिहून घेतलं. आधी लिहिलं आणि मग त्याचा अर्थ डोक्यात शिरला, ही माझी जात.

पोर म्हणजे मीना, तिची एकुलती एक लेक, तीच गिरणीवाली. मीनाचा उजवा हात कोपरात वाकलेला आहे, सरळ होत नाही. कसा वाकला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पाच वर्षांची असताना सुकलालने तिला मचाणावर झोपवलं आणि पोर खाली पडली. मलाही हेच ठाऊक होतं. मीना तिसरीत माझ्या वर्गात होती तेव्हा कवायतीला मी तिच्यावर ओरडायची, "हात सरळ!" एकदा ती रडत म्हणाली, "बाई, बाबांनी पाडलं." दुसऱ्या दिवशी मी सुकलालला शाळेत बोलावलं आणि वर्गासमोर झापलं. एवढंसं लेकरू मचाणावर ठेवतात का, अक्कल आहे का, असं सगळं. तो टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "चुकनं, बाई." एवढंच. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, आपण फार मोठं काम केलं असं मला वाटलं होतं.

मचाणावरून कौसाबाईने जे सांगितलं ते असं. दादरची मळणी चालली होती. दिवसभर शेजारच्या उभ्या पिकात गोफण फिरवून ती खळ्यावर आली, माणसं घरी गेली होती, तर मीना मागे लागली, "माय, माले गोफण कर." पोरीचा आवडता खेळ. कौसाबाईने तिचं मनगट धरलं आणि गोल फिरवायला लागली. पोर खिदळत होती. अजून, अजून म्हणत होती. खळ्याच्या मधे बैल बांधायची लाकडी मेढ होती. हाताला घाम होता. हात सुटला, आणि पोर मेढीवर जाऊन आदळली.

सासू तेव्हा जिवंत होती. मुलगा होत नाही म्हणून तिने कौसाबाईला दोनदा घराबाहेर काढलं होतं. तिसऱ्यांदा काढली असती तर परत घेतली नसती. सुकलाल धावत आला, पोरीला उचललं आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, की मचाणावरून पडली असं सांग, मी ठेवली होती. पोरीला आठ दिवस ताप होता. उठली तेव्हा तिला काही आठवत नव्हतं. हाड बसवणाऱ्याने हात बांधला तो वाकडाच बसला.

पुढे सासू मेली. मग सांगता आलं असतं. पण पोर मोठी होत गेली तशी बापावर चिडत गेली. त्या हातामुळे तीन स्थळं परत गेली. शेवटी रतिलाल मिळाला, बिजवर, माणूस चांगला, पण बिजवरच. लग्नात मीनाने बापाच्या पाया पडायला नकार दिला. सुकलाल हसून बाजूला झाला म्हणे. कौसाबाईने सांगायचं म्हटलं की तो म्हणायचा, मला सवय झाली आहे, तुला होणार नाही. तो गेला तेव्हा मीना आली, पण अंगणातच उभी राहिली. मरायच्या आदल्या दिवशी त्याने कौसाबाईला सांगून ठेवलं होतं, "आते सांगू नको. मन्हावरना राग मन्हासंगे जाऊ दे. तुले ती एकच शे."

आणि ती एकच होती हे खरंच. दर सोमवारी मीना स्वतः पीठ घेऊन यायची, आईचं डोकं विंचरायची, दुखणं-खुपणं बघायची.

सगळं सांगून झाल्यावर कौसाबाई म्हणाली, "हाई लिखू नको, बाई."

मी म्हणाले, "नाही लिहिणार."

आता माझी करणी ऐका. घरी येऊन वही उघडली. गरागरा या शब्दाखाली घालायला माझ्याकडे दुसरी चार वाक्यं होती. रहाटाचं होतं, भोवऱ्याचं होतं, एकाने डोळे गरागरा फिरवल्याचं होतं. सगळी मिळमिळीत. आणि हे एक वाक्य असं, की त्यात शब्दाचा सगळा अर्थ उभा. फिरवणारी आहे, जोर आहे, आणि तो जोर हातातून जातो तेही आहे. मी चार दिवस ते वाक्य वहीत झाकून ठेवलं आणि चार दिवस उघडून बघत राहिले. मग स्वतःची समजूत घातली. पुस्तक कोण वाचतं? वाक्यात पोरीचं नाव कुठे आहे? गावात खळी काय एकच आहे? चोराच्या मनाला पन्नास वाटा सापडतात. मी वाक्य घातलं. आणि नियम म्हणून त्यापुढे अक्षरही घातलं, "कौ." वरून शेवटच्या पानावर, "कौसाबाई, गोफणवाल्या, वय बहात्तर."

पुस्तक छापून आलं, चौऱ्याण्णव पानांचं. शाळेच्या पटांगणात छोटा समारंभ झाला. कौसाबाईला मी शाल-नारळ दिला. ती लाजत बसली होती. लिहू नको म्हटलेलं मी लिहिणार नाही, हे तिने धरूनच चाललं होतं, म्हणून तिने विचारलंही नाही. तिला वाचता येत नाही. माझ्या हातून शाल घेताना ती म्हणाली, "मन्हा मालक ऱ्हाता ते खूश व्हता." मी तिच्याकडे बघून हसले. ते हसू आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

आईचा सत्कार झाला म्हणून मीनाने पुस्तक विकत घेतलं. आईची वाक्यं शोधून शोधून वाचली. गिरणीवर गिऱ्हाइकांनाही दाखवली म्हणे.

आठव्या दिवशी दुपारी ती माझ्या ओट्यावर आली. केसांत, भुवयांत पीठ तसंच. वाकड्या हाताच्या कोपरात पुस्तक दाबून धरलेलं. मी म्हणाले, "ये गं, बस." ती बसली नाही. पान उघडून माझ्यापुढे धरलं.

"बाई, हे आईने सांगितलं?"

मी चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

"आम्ही एवढीएवढीशी होतो तेव्हा तुम्ही आम्हाला वाक्यं बनवायला शिकवायच्या," ती म्हणाली. "तुम्हाला तर पटकन सुचतात. हे तुम्हीच बनवलं असेल. नाव आईचं टाकलं असेल चुकून. हो ना?"

ती विचारत नव्हती. ती माझ्याकडे मागत होती. तिच्या आवाजात मला ते स्वच्छ ऐकू आलं, माझे कान काही गेलेले नाहीत. मी फक्त हो म्हणायचं होतं. हो गं, मीच बनवलं, म्हातारपणी घोटाळा झाला, पुढच्या वेळी दुरुस्त करते. एका अक्षराचं काम. तिची आई तिला राहिली असती.

पण माझ्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, मी लिहिलं होतं की यातलं एकही वाक्य मनचं नाही. त्या ओळीवर समारंभात टाळ्या पडल्या होत्या. हो म्हटलं असतं तर ती ओळ खोटी पडली असती, आणि मीनाने ते गिरणीवर चार जणांना सांगितलं असतं, की बाईंनी वाक्यं बनवली आहेत. हे सगळं माझ्या डोक्यात तेवढ्या वेळात येऊन गेलं. खरं बोलावं म्हणून मी गप्प राहिले असते तर ती गोष्ट वेगळी होती. मी माझ्या टाळ्यांसाठी गप्प राहिले.

"म्हणजे खरं आहे," मीना म्हणाली.

तिने पुस्तक मिटलं. मग तिने तिचा वाकडा हात दुसऱ्या हाताने धरला आणि कोपराकडे बघत राहिली. "मी बाबांच्या पाया पडले नाही," ती म्हणाली. "लग्नातही नाही, आणि गेले तेव्हाही नाही." हे ती मला सांगत नव्हती. पाणी आणते म्हणून मी आत गेले, बाहेर आले तर ती निघून गेली होती.

त्यानंतर सोमवारी पीठ घेऊन रतिलाल आला. पुढच्या सोमवारीही तोच. डबा ओट्यावर ठेवायचा, "तब्येत बरी ना?" विचारायचा, मोटारसायकल वळवून जायचा. कौसाबाईला पहिल्या सोमवारी वाटलं, पोर आजारी असेल. दुसऱ्या सोमवारी तिने रतिलालला खोदून विचारलं. त्याला खोटं बोलता येत नाही, त्याने सांगितलं. हे मला शेजारच्या बाईकडून कळलं. माझी जायची छाती झाली नाही. महिनाभर मी त्या गल्लीतून गेले नाही, दूधवाल्याकडेसुद्धा लांबच्या रस्त्याने गेले.

उरलेल्या प्रती मी घरी आणून ठेवल्या आणि प्रत्येकीतली ती ओळ काळ्या पेनाने खोडली. साठ-सत्तर वेळा खोडताना ती साठ-सत्तर वेळा वाचली. गहू संपले तेव्हा मात्र गिरणीत जावं लागलं. दुसऱ्या गिरणीत गेले असते, पण म्हटलं, कधीतरी तोंड दाखवावंच लागेल. तिथे मीना ते बोलली, की पुरतं लिहा. "त्या एका वाक्यात माझे बाबा कुठे आहेत?" तिने विचारलं. "हात सुटला एवढंच छापलं तुम्ही. पुढे कोणी काय केलं, ते कोण लिहील?"

यावेळी मी आधी विचारायला गेले. कौसाबाई ओट्यावर बसून जुन्या गोफणीची दोरी उसवत होती. सुकलालची गोफण. मला बघून तिने गोणपाट पुढे सरकवलं. मी बसले. माफी मागायची म्हणून घरून वाक्यं जुळवून नेली होती, त्यातलं एकही तोंडातून फुटलं नाही. नुसतं म्हणाले, "कौसाबाई, मी शब्द मोडला."

"मोडा खरा," ती म्हणाली.

मीनाला काय हवं आहे ते मी सांगितलं. लिहू का, म्हणून विचारलं. लिहायचं नसेल तर वही तापीत टाकून येते म्हणाले. ती दोरी उसवत राहिली. मग म्हणाली, "लिख. त्यानं नाव लिख. त्यानं नाव कोठेच नई शे." सातबाऱ्यावर नाही, कारण वावर नव्हतं. शाळेत नाही, कारण गेला नव्हता. माझ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरही नव्हतं, कारण त्याने मला एकच वाक्य दिलं होतं, "चुकनं, बाई," आणि ते मी टिपून घेतलं नव्हतं. म्हणून आता लिहिते. सुकलाल. दादरची राखण करणारा, राहणार आमच्याच गावचा.

मी उठायला लागले. वाटलं, हिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हटलं, "मीना त्या दिवशी माझ्याकडे आली होती. तिने मला विचारलं. मी खोटं बोलले असते तर—"

"माले माहीत शे," ती म्हणाली. "रतिलालनी सांगं."

तिने दोरीचा गुंडा केला आणि मांडीवर ठेवला. माझ्याकडे बघून बोलली ते रागाने बोलली नाही. शाळेत न शिकलेल्या माणसाबद्दल शिकलेल्या माणसाला समजावून सांगावं, तशी बोलली.

"सुकलाल अडाणी माणूस व्हता, बाई. अंगठा करे. त्यानी एक खोटं सदतीस वरीस सांभायं. तुले एक घडीभर नई जमनं."